टेप तुमचा, कॅसेटी माझ्या

अक्का, तुमच्या तेराव्याला लावलेलं गाणं तुम्हाला बिलकुल आवडलं नसतं.

मंडपवाल्यानं पेन ड्राइव्ह आणला होता. नाव भजनाचं, चाल वरातीची, आणि मागचे टाळसुद्धा मशीनचे. गाणारा देवाला हाक मारत होता की रिक्षाला, ते कळायला मार्ग नव्हता. पंगत बसली होती, बुंदी वाढणं चाललं होतं. गाणं सुरू झालं आणि बायकांच्या रांगेतली एकेक मान माझ्याकडे वळायला लागली. मला वाटलं, माझ्या तोंडाला काही लागलंय. मग लक्षात आलं, त्या तुमच्या मताची वाट बघत होत्या. वडीगोद्रीत कुठंही स्पीकर लागला की पहिलं कडवं संपायच्या आत तुमचं मत यायचं, आणि मग बाकीच्या बायका ठरवायच्या की आपल्याला हे गाणं आवडतं की नाही. आता त्यांची पंचाईत झाली आहे. त्या माझ्याकडे बघत होत्या आणि मी तुमच्या फोटोकडे. फोटोत तुमचं तोंड मिटलेलं आहे. असा फोटो शोधायला तुमच्या सुनेला दोन दिवस लागले, हे तुम्हाला सांगायचं राहिलं.

तुमचं माहेर, सासर, लेकरंबाळं, सगळं चौकातल्या फ्लेक्सवर छापलंय. वर 'शांत, संयमी, मितभाषी' असं लिहिलंय. छापणाऱ्याकडे तो मजकूर तयारच असतो म्हणे. 'मितभाषी' वाचून पिठाच्या गिरणीवाल्या शेख चाचांना एवढा ठसका लागला की त्यांना पाणी द्यावं लागलं. त्यांच्या गिरणीतल्या रेडिओवर तुम्ही वीस वर्षं टीका केली होती.

मी तुमची धाकटी जाऊ, अंगणवाडीची सेविका. माझ्या हाताला लेकरांची वजनं लिहायची सवय, असलं काही लिहायची नाही. पण तुमच्याशी चाललेलं भांडण मधेच तुटलं, आणि ते डोक्यात एकटीनं चालवून माझं डोकं दुखून राह्यलंय. म्हणून लिहिते.

मी ह्या घरात आले तेव्हा माझ्या पेटीत पाच साड्या आणि नऊ कॅसेटी होत्या. माहेरी धावड्याहून भोकरदनला बारावीचे सहा पेपर द्यायला गेल्ते, तेव्हा दर पेपरानंतर एक कॅसेट घेतली. उरलेल्या तीन मामेभावाच्या, मागून आणलेल्या आणि कधीच परत न केलेल्या. तेव्हा सिनेमाशिवाय नुसत्या गाण्यांचे अल्बम निघायला लागले होते. कव्हरवर एकटा गाणाराच असायचा, चामड्याचं जाकीट, वाऱ्यावर केस. माझा आवडता तसलाच होता. मी त्याचा फोटो पेटीच्या झाकणाला आतून चिकटवला होता, सासरच्यांना दिसू नये म्हणून. पेटी उघडायला तुम्हीच आलात, आणि सगळ्यात आधी तुम्हाला तोच दिसला.

"ह्यो कोन? तुझा भाऊ?"

"न्हाई. गायक हाय."

"असं का. मंग गाऊ दे की."

घरात टेप होता. मामंजींनी मेंढरं विकली त्या वर्षी घेतलेला. तो तुमच्या चुलीजवळच्या फळीवर असायचा, वर क्रोशाचं झाकण, बटणांच्या फटीत ज्वारीचं पीठ. तुम्ही माझी कॅसेट घातली आणि भाकरी थापायला बसलात. मी दाराला टेकून उभी. तुम्ही अख्खी एक बाजू ऐकलीत, चकार शब्द न काढता. मला वाटलं, जिंकलं आपण. कॅसेट खटकन थांबली. तुम्ही तव्यावरची भाकरी उलटलीत आणि विचारलंत, "शोभे, ह्या मान्साच्या घरी कोनी न्हाई का?"

"म्हनजे?"

"न्हाई, इतका वरडून राह्यला. कोनीतरी पानी द्यायला पाह्यजे त्याला."

लग्नाला तीन दिवस झाले होते. मी मोरीत जाऊन रडले. आमच्या ह्यांना वाटलं, मला माहेरची आठवण आली.

तुम्ही गायकांची नावं कधी घेतली नाहीत. तुमची आपली स्वतःची नावं होती. माझा तो 'पानी द्या'. एक होता 'उधारीचं दुःख', कारण तुमच्या मते त्याच्या गाण्यातलं दुःख शेजारून मागून आणलेलं होतं. एक बाई होती 'दुधावरची साय', तिचा आवाज चांगला पण खाली काही नाही. एक जोडी होती, नवराबायकोची गाणी म्हणायची, त्यांना तुम्ही 'लग्न मोडनार' म्हणायचात. पेपरात आलं की ते दोघं आता वेगवेगळे गातात, तेव्हा तुम्ही चार दिवस गल्लीत मान ताठ करून हिंडलात.

आणि नियम! गाणं ऐकताना भाकरी थापणारा हात चुकला तर गाण्यात खोट. कॅसेट पहिल्या गाण्यापासून शेवटपर्यंत ऐकायची, पुढं पळवायची नाही. मी फॉरवर्डच्या बटणाला हात लावला की तुमचं लाटणं माझ्या मनगटावर. "पोथी वाचताना पानं सोडती का तू?" तुमचं म्हणणं असं, की पहिलं गाणं कंपनी दुकानदारासाठी टाकते, दुसरं रेडिओसाठी, आणि दुसऱ्या बाजूचं तिसरं गाणं गाणारा स्वतःसाठी म्हणतो. "तिथं त्याला वाटतं कोनी ऐकून न्हाई राह्यलं. तिथं मानूस सापडतो." मी हसायचे. पण खरं सांगू का, अजूनही मी कुठलाही अल्बम लावला की आधी तेच गाणं शोधते, आणि फोनवर तर बाजूच नसतात, त्यामुळे फार गोंधळ होतो.

मामंजी ओट्यावर बसून आपल्या दोघींना सारखंच कमी लेखायचे. त्यांना बिरोबाच्या जत्रेतल्या ओव्या आणि ढोल सोडून सगळं संगीत म्हणजे पोरखेळ वाटायचा. कुठलंही गाणं लागलं की ओट्यावरून आवाज यायचा, "ह्यात ढोल कुठाय?" गाण्यात ढोल असला तरी विचारायचे.

तुमची आवडती म्हणजे ती गझला म्हणणारी. तिला तुम्ही टोपणनाव ठेवलं नव्हतं, नुसतं 'माझी बाई' म्हणायचात. तिनं दोनच अल्बम काढले आणि नंतर कुठं गेली कोणास ठाऊक. ती एक ओळ तीन-तीनदा म्हणायची. मला तिची झोप यायची.

"एकच ओळ तीनदा कशाला, अक्का? आपन काय बहिरे हाव का?"

"तिसऱ्यांदा बघ कशी म्हनती."

"तशीच म्हनती."

"पह्यल्यांदा ती सांगती. दुसऱ्यांदा आठवती. तिसऱ्यांदा तिचं तिलाच पटत न्हाई."

"मला तर तीनदा सारखंच ऐकू आलं."

"कान धुऊन ये."

हे भांडण पंचवीस-तीस वर्षं चाललं. निकाल लागला नाही.

मग वाटणी झाली. भांडण नव्हतं तसं. लेकरं मोठी झाली, दोन खोल्यांत सात-आठ माणसं मावेनात. भाऊजी आणि आमचे हे दोघंही अंकुशनगरला साखर कारखान्यात, भाऊजी वजनकाट्यावर आणि हे शेतकी खात्यात. दोघंही सायकलीवर बरोबर जायचे, बरोबर यायचे, आणि वाटणीच्या दिवशीही बरोबरच बसले. वाटणी करून द्यायला अंबडहून ह्यांचे मामा आले. जमीन सकाळच्या चहाला वाटून झाली. म्हशी, बैल, भांडी, सगळं जेवायच्या आत. आणि मग मामांनी फळीकडे बोट केलं. "आता ह्यो टेप."

आमच्या ह्यांनी खाली बघितलं. भाऊजींनी वर बघितलं. मामंजी म्हणाले, "विहिरीत टाका."

जेवणं झाली, चहा झाला, तरी टेपाचं ठरेना. दुसऱ्या दिवशीही नाही. मामांची एसटी चुकली, ते वैतागले. म्हणाले, "अर्धा-अर्धा महिना ठेवा." तुम्ही म्हणालात, "नको, पडतं ते. फुटतं." तिसऱ्या दिवशी तुम्ही पदराला हात पुसत आतून आलात आणि सांगून टाकलंत, "टेप मला. क्यासेटी हिला."

मामांनी कपाळाला हात लावला. "आवो कौसाबाई, मंग ते वाजनार कसं?"

"ते आमचं आम्ही बघू."

तुम्ही उठलात आणि सगळ्या कॅसेटी माझ्या पेटीत टाकल्यात. माझ्या नऊ आणि घरात नंतर जमलेल्या, मिळून पन्नासेक. मी तेव्हा रागानं आंधळी झाले होते. ह्यांना म्हणाले, "बघा तुमच्या भावजयीचा डाव! वाजायचं मशीन तिला आन मला रिकाम्या डबड्या!" इतकी चिडले होते की पेटीत काय-काय आलंय हे मी चार दिवस बघितलंसुद्धा नाही. बघितलं तेव्हा सगळ्यात वर तुमच्या बाईच्या दोन्ही कॅसेटी होत्या. त्या तुम्ही ठेवून घेतल्या असत्या तर कोणी एका शब्दानं विचारलं नसतं.

अंगणात मधोमध भिंत घातली. छातीएवढी. पाचव्या दिवशी दुपारी पलीकडून तुमचा आवाज आला. "शोभे, मीठ हाय का?"

तुमच्याकडे मिठाचा अख्खा डबा होता. वाटणीत मीच मोजून दिला होता. मी मीठ दिलं. तुम्ही घेतलं. तुम्ही तिथंच उभ्या. मग म्हणालात, "घरात लई सुनं वाटून राह्यलं. त्यो तुझा 'पानी द्या' काय म्हनतो?"

"तुम्हाला आवडत न्हाई ना त्यो?"

"आवडत न्हाईच. पन तुझ्याकडं दुसरं काय हाय?"

मी कॅसेट भिंतीवर ठेवली.

तिथून आपला कारभार सुरू झाला. अंगणवाडी सुटून मी घरी यायचे, जेवायचे, आणि तीनच्या सुमाराला भिंतीवरून एक कॅसेट पलीकडे जायची. कुठली, ते मी ठरवायचे. आवाज किती, ते तुम्ही. पुढं पळवायची नाही, हा नियम तुमच्या हद्दीत लागू. तुमची बाई ऐकायची असली की तुम्हाला माझ्याकडे मागावी लागायची, आणि मी ती सहजासहजी द्यायचे नाही. "आज न्हाई अक्का, परवा दिली होती." तुम्ही भिंतीवर कोपर टेकून उभ्या राहायचात, जसं एखादं माणूस पोस्टात मनिऑर्डरची वाट बघतं. मग मी द्यायचे. आणि मग तिची एकेक ओळ तीन-तीनदा आपल्या दोन्ही अंगणांत.

मग ते रिमिक्सचं आलं. जुन्या गाण्यांना नवा ठोका लावायचे दिवस. अंबडच्या बाजारात मला एक कॅसेट दिसली, आणि पाठीमागच्या यादीत तुमच्या बाईचं गाणं! मला एवढा आनंद झाला अक्का, की भाजी न घेता मी जीपमध्ये बसले. मला खरंच वाटलं, ही आपल्या दोघींची कॅसेट. बाई तुमची, ठोका माझा. आता भांडण मिटलं.

तुम्ही ती घातलीत. आधी ढम-ढम वाजलं. मग एका बाईनं इंग्रजीत काहीतरी म्हटलं. मग तुमच्या बाईचा आवाज आला, खारीसारखा बारीक, भराभर पळणारा. तिची ओळ तिला एकदाच म्हणू दिली होती.

तुम्ही बटण दाबलंत. आयुष्यात पहिल्यांदा तुम्ही गाणं मधेच बंद केलं. कॅसेट काढून भिंतीवर ठेवलीत आणि आत निघून गेलात.

"अक्का, नुसती गंमत हाय ती," मी म्हटलं.

अडीच महिने. अडीच महिने तुम्ही माझ्याशी बोलला नाहीत. मीही मग हट्टाला पेटले. म्हटलं, एवढं काय मी पाप केलं? निरोप भाऊजींनी न्यायचे-आणायचे, आणि भाऊजी तर माझ्याशी थेट बोलत नसत. धाकट्या भावजयीशी बोलायची आपल्यात रीत नाही. ते माझ्या अंगणात येऊन तुळशीकडे बघून सांगायचे, "मोठी परात पाह्यजे म्हनं." मी तुळशीजवळ परात ठेवायचे. ते उचलून न्यायचे. एकदा तुम्ही काहीतरी लांबलचक टोमणा पाठवला होता. भाऊजी तुळशीपुढं बराच वेळ उभे राहिले आणि शेवटी म्हणाले, "मधलं इसरलो." आणि परत गेले.

मग मला चिकुनगुन्या झाला. हातपाय असे धरले की चहाचा कप उचलवेना. दुसऱ्या दिवशी दुपारी दार वाजलं. तुम्ही आत आलात, कडेवर टेप, जसं काही लेकरू आहे. मागून भाऊजी वायरचा गुंडाळा घेऊन. तुम्ही टेप माझ्या खाटेजवळ ठेवलात, काढ्याचं भांडं माझ्या तोंडाला लावलंत आणि विचारलंत, "ती भिकारडी क्यासेट कुठाय?"

मी डोळ्यांनी पेटीकडे दाखवलं. तुम्ही ती रिमिक्सची कॅसेट काढलीत, घातलीत, लावलीत. आणि दोन्ही कानांवर हात ठेवून भिंतीला टेकून बसलात.

"अक्का, नको. ऱ्हाऊ द्या."

"तुझ्यासाठी लावली. मी ऐकून न्हाई राह्यले. मी नुसती बसले."

दोन्ही बाजू वाजल्या. मधे उठून कॅसेट तुम्हीच उलटलीत, तेवढ्यापुरते हात काढून. सगळं संपल्यावर तुम्ही टेप बंद केलात आणि म्हणालात, "ढोलकीवाला बराय." मला हसू आलं, आणि हसल्यावर सगळे सांधे दुखले. मी रडायलाच लागले. तुम्हाला वाटलं ताप वाढला. भाऊजींना डॉक्टरकडे पिटाळलंत.

मग टेप गेला. म्हणजे पट्टा तुटला, अंबडला दुरुस्त करणाऱ्यानं आता चहाची टपरी टाकली होती. मग सीडी आली, ती आपल्याला कधी रुचली नाही. मग फोन. माझ्या फोनमध्ये सगळ्या जगाची गाणी आली, आणि मला तुमच्या मशीनची गरज उरली नाही, तुम्हाला माझ्या पेटीची. एक आठवडा मी भिंतीकडे गेलेच नाही. कानात वायर घालून भांडी घासली, पहिल्यांदा हवं ते गाणं हवं तिथून ऐकलं, पुढं पळवलं, मागं आणलं. कोणी काही बोलेना. आठव्या दिवशी मी कानातली वायर काढली आणि फोन भिंतीवर ठेवून मोठ्यानं लावला. तुम्ही आतून ओरडलात, "आली का वाटेवर? कानात घालून ऐकतात ते गानं नसतं. ते औषध असतं."

आणि मग तुम्ही मला सगळ्यात मोठा धक्का दिलात. माझी पोरगी शकू संभाजीनगरला शिकायला, ती सुट्टीत आली तेव्हा तिनं रॅप लावला. कोणी एक चिडलेला पोरगा न थांबता बोलतोय, घराबद्दल, गटाराबद्दल, पोलिसांबद्दल. मी म्हटलं, आता अक्का फोन फोडणार. तुम्ही भिंतीवर हनुवटी टेकून अख्खं ऐकलंत. "अजून हाय का ह्याचं?"

"अक्का! ह्याला ना सूर, ना चाल!"

"असू दे. खरं बोलून राह्यला. मामंजी बिरोबाच्या वव्या ह्याच घाईनं म्हनायचे. दम धरायचे न्हाईत."

"शिव्या देतो तो!"

"मला कळतात शिव्या. पन बघ, बराबर ठोक्यावर टाकल्या."

मी सूर-सूर करत राहिले आणि तुम्ही साठीच्या तोंडावर त्या पोराचे तीन अल्बम ऐकून काढलेत, क्रमानं, एकही गाणं न सोडता. त्याला तुम्ही नाव दिलं 'आपला'. दुसऱ्या कुणालाही तुम्ही 'आपला' म्हणाला नव्हतात. शकूनं मला सांगितलं, "मम्मी, मोठ्या आईची टेस्ट तुझ्यापेक्षा नवी आहे." हे मी तुम्हाला मुद्दाम कळवलं नव्हतं. आता कळवते.

जालन्याच्या दवाखान्यात तुम्ही सहा दिवस होतात. एका नर्सबाईचा फोन सारखा वाजायचा, रिंगटोन म्हणून कुठलंतरी गाणं, तीच एक ओळ. चौथ्या दिवशी तुम्ही ऑक्सिजनचा मास्क बाजूला केलात. मी घाबरून वाकले. काय सांगायचंय, पाणी हवंय, कुणाला बोलवायचंय? तुम्ही म्हणालात, "तिला म्हनावं, पुढची वळ बी हाय त्या गान्याला." आणि मास्क परत लावलात.

त्याच दुपारी तुम्हाला जरा बरं वाटत होतं. मी हिय्या करून विचारलं. इतकी वर्षं विचारायचं होतं.

"अक्का, वाटनीच्या वेळी टेप आन क्यासेटी येगळ्या काहून केल्या तुम्ही?"

तुम्ही माझ्याकडे बघितलंत. मला वाटलं, आता सांगतील.

"तुझी आवड वंगाळ," तुम्ही म्हणालात. "टेप तुझ्याकडं गेला असता तर गावाचे कान गेले असते."

"एवढंच?"

"एवढं काय कमी हाय?"

मग तुम्ही डोळे मिटलेत. तुमचं माझ्याशी शेवटचं सलग बोलणं हेच. त्यानंतर जे बोललात ते तुकड्या-तुकड्यांत, आणि त्यातलं बरंच तुमच्या नातवाला.

अक्का, आपल्या गल्लीत माझ्या डोळ्यांदेखत पाच घरं फुटली. त्या घरांतल्या जावा एकमेकींच्या दारावरून जाताना पदर पुढं ओढतात. त्यांच्या लेकरांना चुलतभावांची नावं आठवून सांगावी लागतात. आपल्यात भिंत होती, पण मी अंगणात उभी राहिले की ती छातीला लागायची आणि पलीकडे तुमचं तोंड दिसायचं, मत देत असलेलं. तुम्ही ते ठरवून केलं का, हे मला माहीत नाही. तुम्ही कबूल केलं नाही, आणि माझी आवड वंगाळ होती हे तर मलाही मान्य आहे. पण तुम्हाला 'बरं केलंत' म्हणायचं होतं. दवाखान्यात शब्द ओठावर आले होते, तेवढ्यात त्या नर्सबाईचा फोन वाजला.

आता परवाचं सांगते आणि थांबते.

तेरावं होऊन चार दिवस झाले होते. तीन वाजले असतील. मी ज्वारी निवडत होते. भिंतीपलीकडे खोकल्याचा आवाज आला. बघते तर भाऊजी. डोक्याला टोपी नाही, मुंडण केलेलं, आणि माझ्याकडे बघून म्हणाले, "शोभा."

तीस वर्षांत त्यांनी माझं नाव घेतलं नव्हतं. मी उठून पदर सावरला.

"तुझ्या फोनमधी गानी हायेत ना?"

"हायेत, भाऊजी. कुठलं लावू?"

"मला काय कळतंय त्यातलं," ते म्हणाले. "मी कधी गानं ऐकलंच न्हाई. इथं बसून तिचं ऐकायचो. ती काय म्हनती ते." त्यांनी भिंतीवर हात ठेवला, परत काढला. "घरात कोनीच कशाला नावं ठेवून न्हाई राह्यलं. पोरं म्हनतात, बाबा, शांती पाह्यजे तुम्हाला. शांतीचं काय करू मी? तू लाव काहीतरी."

भाऊजी पलीकडं बाजेवर बसले. मी लावलं. शकूनं पाठवलेला नवीन अल्बम होता, एका नव्या पोरीचा, नुसती गिटार आणि आवाज. तुमचा नियम पाळून पहिल्यापासून लावला. भाऊजींनी मान खाली घालून ऐकलं, कारखान्यात साहेब बोलत असताना ऐकावं तसं. गाणं संपलं.

"हे चांगलं हाय का वाईट?" त्यांनी विचारलं.

"तुम्हाला कसं वाटलं?"

ते एकदम गडबडले. दोन्ही हात हलवले. "न्हाई न्हाई, मला नको इचारू. तू सांग."

अक्का, गाणं चांगलं होतं. फार चांगलं होतं. मला त्या पोरीचा आवाज इतका आवडला की अंगावर काटा आला होता, आणि मी तेच सांगणार होते. पण मी भाऊजींच्या तोंडाकडे बघितलं. ते अशा आशेनं माझ्याकडे बघत होते की मला ते बघवेना.

"लई वाईट हाय, भाऊजी," मी म्हटलं. "ह्या पोरीनं दोन दिवस जेवन केलेलं न्हाई. कोनीतरी तिला भाकरी वाढून मंग गायला बसवायला पाह्यजे होतं. आन ती गिटार वाजवून राह्यली का खाज सुटली तिला?"

भाऊजींचे खांदे हलले. आधी मला वाटलं रडतायत. मग हसू बाहेर आलं, दबलेलं, खोकल्यासारखं.

"तरीच," ते म्हणाले, आणि बाज भिंतीजवळ ओढून घेतली. "दुसरं लाव."